स्कॉच गीतांची सुरेल संध्याकाळ

सदाशिव पेठेत आमचं एक वाचक मंडळ आहे. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी एका शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कुणीतरी कशावर तरी बोलतं आणि बाकीचे ऐकतात. फेब्रुवारीसाठी ठरलेल्या वक्त्यांनी जानेवारीच्या सुरुवातीला कळवलं की त्यांना मुलाकडे बंगळुरूला जावं लागतंय. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी सकाळी साडेसातला मला फोन केला.

"बाई, तुम्ही स्कॉटलंडला होतात ना काही दिवस? मग त्यावर काहीतरी करा. फेब्रुवारीचा रविवार मोकळा आहे."

काही दिवस नव्हे, मी तिथे दीड वर्ष होते. पण ते मी बोलले नाही. मी इतक्या घाईने हो म्हटलं की फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि या सगळ्या काळात मला स्कॉटलंडबद्दल कुणी विचारलं असेल तर एवढंच, की तिथे थंडी किती असते.

तरुणपणी मला पुढच्या अभ्यासासाठी एडिंबऱ्याला जायला मिळालं होतं. विद्यापीठात काय शिकले ते बरंचसं विसरले. लक्षात राहिली ती माझी घरमालकीण. सत्तरीची विधवा बाई, मासेमारांच्या गावातून लग्न होऊन शहरात आलेली. बटाटे सोलताना ती गायची आणि भांडी घासताना कविता म्हणायची. जुन्या, त्यांच्याकडच्या पोराटोरांना पाठ असणाऱ्या. त्या इंग्रजीत नसतात, स्कॉट्स बोलीत असतात, आणि ती बोली ऐकून पहिला महिनाभर मला वाटत होतं की माझी एम.ए.ची पदवी कुणीतरी चुकून दिलेली आहे. मग तिने मला शिकवायला घेतलं. माझा 'र' आणि माझा 'ख' तिला फार आवडायचा. इंग्रजांना शंभर वर्षांत जमला नाही तो 'ख' तुला पहिल्या दिवशी कसा जमला, असं विचारायची. मराठीची कृपा, मी म्हणायचे. शाळेत घरची बोली तोंडातून निघाली की मास्तर हातावर चामड्याचा पट्टा मारायचे, हे तिने मला कांदा चिरता चिरता सांगितलं होतं, जसं आपण पावसाचं सांगतो तसं.

तेव्हा अध्यक्षांना मी एकच अट घातली. भाषण देणार नाही. कविता मूळ बोलीत मोठ्याने म्हणेन, गाणी गाईन, आणि मध्ये थोडक्यात मराठीत अर्थ सांगेन. ते म्हणाले, उत्तम.

चार दिवसांनी शाळेच्या फाटकाशी फलक लागला. 'इंग्लिश कवितांचा रसास्वाद.'

मी फोन केला. म्हटलं, इंग्लिश नाही, स्कॉटिश. तिथल्या माणसाला इंग्लिश म्हटलं तर तो आपल्याशी बोलणं टाकेल.

"अहो बाई, तिथला माणूस कुठे येणार आहे सदाशिव पेठेत."

"मी येणार आहे."

त्यांनी मोठ्या मनाने फलक बदलला. नवा फलक असा होता: 'स्कॉच गीतांची सुरेल संध्याकाळ.' दोन दिवसांत त्याखाली कुणीतरी खडूने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सोडा आपापला आणावा.' मी पुन्हा फोन केला नाही. पुण्यात फलकाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी ऐकलेलं नाही.

गाण्यांना साथ हवी होती. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक गृहस्थ उत्तम पेटी वाजवतात. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन, आणि संगीताच्या बाबतीत अतिशय हट्टी. पहिल्या दिवशी मी त्यांना घरमालकिणीचं एक गाणं ऐकवलं. ते डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी डोळे उघडले.

"बाई, हा भूप आहे."

"भूपासारखा वाटतो. पाचच सूर आहेत. पण ते लोकगीत आहे."

"लोकगीत असेल त्यांच्याकडे. सूर बघा ना. सा रे ग प ध. हा शुद्ध भूप आहे." आणि त्यांनी पेटीवर छोटासा आलाप करून मला ते सिद्ध करून दाखवलं.

मी समजावलं. गाणं सरळ म्हणायचं, एका कडव्यामागून दुसरं. मध्ये काही भरायचं नाही. जो नवरा समुद्रावर गेला आणि परत आला नाही, त्याच्या बायकोचं हे गाणं आहे. ती ताना घेणार नाही.

"म्हणूनच मी विलंबित ठेवलं," ते म्हणाले.

तीन आठवडे मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला ते पेटी घेऊन यायचे. दर वेळी मी सांगायचे, दर वेळी त्यांना पटायचं, आणि तिसऱ्या कडव्याआधी त्यांची बोटं आपोआप वर चढायची. "आवरत नाही हो," असं ते इतक्या प्रांजळपणे म्हणायचे की रागावताही येत नसे. रागावले मी तरीही.

आणि मग अध्यक्षांनी बॅगपाइप काढला.

"बाई, बॅगपाइप नसेल तर लोकांना स्कॉटलंड वाटणारच नाही. मी एक माणूस ठरवलाय. माझ्या भाचीच्या लग्नात वरातीला होता. काय वाजवलं त्याने, सगळे बघत राहिले."

मी म्हटलं, वरातीतलं वाद्य साठ खुर्च्यांच्या हॉलमध्ये नको. कानठळ्या बसतील. शिवाय माझा कार्यक्रम शब्दांचा आहे. अध्यक्ष सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "शुक्रवारी चारला तुमच्याकडे पाठवतोय त्यांना. पत्ता दिलाय."

शुक्रवारी ते गृहस्थ आले ते पावणेपाचला. फुरसुंगीच्या पुढून बस, स्वारगेटला उतरून दुसरी बस, तिथे अर्धा तास उभं राहणं, हे सगळं करून आले होते. साठीच्या पुढचे, सडसडीत, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, केस लष्करी कापाचे. पलटणीच्या बँडमध्ये पाइप वाजवून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गावची शेती होती, तिच्या निम्म्या भागावर आता इमारती उभ्या आहेत, असं त्यांनी पाणी पिता पिता सांगितलं. निवृत्तीनंतर वरातींना बोलावतात, म्हणून जातात.

मी मनातून चिडलेली होते आणि ते मी लपवलं नाही. "हे बघा," मी म्हटलं, "आमचा कार्यक्रम जुन्या स्कॉटिश गाण्यांचा आहे. सिनेमाची गाणी चालणार नाहीत. तुम्हाला स्कॉटिश काय येतं?"

ते जरा विचारात पडले. "नाव न्हाई सांगता यायचं, म्याडम. आमच्याकडं नंबर हायती. सात नंबर येतो, नऊ येतो, अकरा येतो. बावीस बी येतो, पर त्यो संथ हाय."

"नंबर म्हणजे?"

"बँडमास्तरच्या वहीत नंबर व्हते. नंबर सांगितला की वाजवायचं."

पेटीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरं, तो संथ वाजवून दाखवा. त्यांनी मोठा पाइप पिशवीतून काढला नाही. "घरात न्हाई वाजवत म्याडम, खिडक्या हायेत तुमच्या," असं म्हणून त्यांनी सरावाची छोटी नळी काढली. तिचा आवाज बारीक, नाकातला, थोडा बदकासारखा असतो. त्यांनी बावीस नंबर वाजवला.

पहिल्या चार सुरांत मी ओळखलं. ते माझ्या घरमालकिणीचं गाणं होतं. पेटीवाल्यांनी भूप ठरवलं ते नव्हे, दुसरं, जे ती इस्त्री करताना म्हणायची. एक मुलगी किनाऱ्यावर उभी राहून होड्यांची वाट बघते आणि म्हणते की शंभर शिडांमध्ये मी तुझं शीड ओळखीन. मी ते कार्यक्रमात घेतलंच नव्हतं, कारण वरच्या सुरांना आता माझा आवाज फाटतो.

मी खाली बसले आणि हळू आवाजात त्यांच्याबरोबर शब्द म्हटले. त्यांनी नळी ओठांवरून काढली.

"याला बोल हायती?"

"आहेत की. हे गाणंच आहे."

"अडतीस वर्सं वाजवतोय मी हे," ते म्हणाले.

मग मी त्यांना अर्थ सांगितला. मुलगी, किनारा, शिडं, वाट बघणं. मी विचारलं, तुम्ही हे कधी वाजवायचात?

"जवानाची पेटी यायची तवा. गडी गेला की. त्याच्या गावाला पाठवायच्या आदी मैदानात ठिवायचे, तवा बावीस नंबर." त्यांनी नळी रुमालाने पुसली. "मंजी आमी चुकीच्या येळंला वाजवत व्हतो व्हय?"

पेटीवाले म्हणाले, "नाही हो, चुकीच्या कशाला." मी चहा टाकायला आत गेले.

अशा रीतीने मी ज्यांना घरी पाठवायचं ठरवलं होतं ते माझ्या कार्यक्रमात आले. आणि खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. बॅगपाइपची पट्टी ठरलेली असते, ती बदलत नाही. पुढच्या खेपेला आम्ही गच्चीवर जाऊन मोठा पाइप वाजवून बघितला, तेव्हा कळलं की तो काळी पाचच्या जरा वर आणि पांढरी सातच्या जरा खाली आहे. पेटीवर तो सूरच नाही.

"यांचा पाइप बेसूर आहे," पेटीवाले मला म्हणाले, ते समोर उभे असताना.

"पेटी खाली हाय," पाइपवाले म्हणाले.

"पेटी ट्यून करून आणलीय गेल्या महिन्यात."

"मग खाली ट्यून केली आसंल."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला तसं म्हणायला तयार नव्हतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की हे रोज आहे का. शेवटी मीच ठरवलं. पेटी आणि पाइप एकत्र वाजणार नाहीत. पेटीची गाणी आधी होतील, आणि शेवटी पाइप एकटा वाजेल, तोही हॉलमध्ये नाही, बाहेर जिन्याच्या चौकात. मी आधी शब्द सांगेन, मग लांबून सूर येईल.

त्याच दिवशी मी एक चूक केली. पाइपवाले निघता निघता विचारत होते, "त्या पोरीचं गानं, त्याचं आपल्यात काय म्हनून सांगनार? बोल मंजी, कसं हाय..." आणि मी म्हटलं, "हाय नाही. आहे."

मी विचारही केला नव्हता. तीस वर्षं मी खेड्यांतून आलेल्या मुलांना वर्गात असंच दुरुस्त केलं आहे. मला ते कर्तव्य वाटायचं. ते म्हणाले, "व्हय," आणि चपला घालून गेले. दार लावून मी स्वयंपाकघरात आले, आणि कार्यक्रमासाठी टेबलावर काढून ठेवलेले कागद पाहिले. त्या बोलीतल्या कविता, ज्या मी तिथल्या पट्टा मारणाऱ्या मास्तरांना नावं ठेवत लोकांना ऐकवणार होते. त्या संध्याकाळी मला माझा जेवढा वैताग आला तेवढा अध्यक्षांचाही कधी आला नाही.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. मी फोन केला.

"वरात व्हती म्याडम, उरुळीला." खरं असेल, नसेलही. मी माफी मागायला फोन केला होता, पण सरळ माफी मागणं मला कधी जमलेलं नाही. त्याऐवजी मी विचारलं, "त्या गाण्याचं तुम्ही विचारत होतात ना, आपल्यात काय म्हणायचं? मी मराठीत केलंय, पण ते पाठ्यपुस्तकासारखं झालंय. तुमच्या गावातली मुलगी हे कसं म्हणेल?"

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ते म्हणाले, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन ओळी सांगितल्या. बायकोशी बोलून केल्या होत्या.

"शंभर गाड्यांत तुजी गाडी वळकीन मी, बैलाच्या घुंगरावरनं. दिस कलला तरी वाटंवर उबी हाय."

"अहो, गाडी नाही," मी म्हटलं, "होडी आहे. शिडाची होडी."

"आमच्याकडं होडी कुटं हाय म्याडम?"

आता मला पुन्हा चिडायचं कारण नव्हतं, पण मी चिडले. गाणं समुद्राचं आहे, त्यात मिठाचा वास आहे, बैलगाडी घातली की ते गाणं राहतंच कुठे? मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी बगा. मला हे आसं वाटलं." मी फोन ठेवला, आणि दोन दिवस स्वतःच्या ओळी खोडत बसले. त्यांच्या ओळी माझ्या ओळींपेक्षा चांगल्या होत्या. मी त्या कागदावर जशाच्या तशा उतरवल्या.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. सहाला सुरुवात. पावणेसहापर्यंत चाळीसेक माणसं आली होती, बहुतेक माझ्या वयाची. पाइपवाले आले नव्हते. फोन केला तर म्हणाले, स्वारगेटच्या चौकात बस अडकली आहे, हलत नाही. अध्यक्ष म्हणाले, काळजी करू नका, मी प्रास्ताविक थोडं वाढवतो.

त्यांनी ते वीस मिनिटं वाढवलं. त्यात त्यांची युरोपची सहल आली. चौदा दिवसांत नऊ देश, आणि स्कॉटलंडला अर्धा दिवस, ज्यात पाऊस पडत होता आणि त्यांची छत्री बसमध्ये राहिली होती. छत्री परत मिळाली, हे त्या लोकांच्या प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून त्यांनी सांगितलं. मी व्यासपीठावर हसऱ्या चेहऱ्याने बसले होते आणि माझे गाल दुखत होते.

मूळ कवितांचे छापील कागद सगळ्यांना वाटून मी पहिली कविता सुरू केली. तिसऱ्या ओळीला पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हात वर केला. मी थांबले नाही. त्यांनी हात तसाच ठेवला. कडवं संपल्यावर मला थांबावंच लागलं.

"क्षमा करा, पण आपण तो शब्द चुकीचा उच्चारताय. डिक्शनरीप्रमाणे तो तसा नाही."

"इंग्रजी डिक्शनरीप्रमाणे नाही. ही इंग्रजी नाही."

"लिपी तर तीच दिसते," ते म्हणाले.

"मराठी आणि हिंदीचीही तीच दिसते," मी म्हटलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. प्राध्यापकांनी हात खाली घेतला, पण त्यानंतर प्रत्येक शब्दाला ते मान किंचित हलवत राहिले, नकारार्थी.

पुढच्या दोन कविता बऱ्या गेल्या. लोक शांत होते. समजत होतं की डुलकी लागली होती, ते मला सांगता येणार नाही. एकाचा मोबाईल वाजला, तो त्याने उचलला, आणि "कार्यक्रमात आहे, स्कॉचच्या," असं दबक्या आवाजात सांगितलं. मग पेटीची गाणी. नवरा समुद्रावर गेलेल्या बाईचं गाणं मी मनापासून म्हणत होते. आवाज त्या दिवशी लागला होता. दोन कडवी झाली. आणि तिसऱ्याआधी पेटीवाल्यांनी तान घेतली. छोटी नव्हे. वर गेली, तिथे जरा फिरली आणि सावकाश खाली आली. आख्ख्या संध्याकाळभरात सभागृहाने आपणहून टाळ्या वाजवल्या त्या एवढ्या एकाच वेळी. कुणीतरी "वा" म्हणालं. पेटीवाल्यांनी माझ्याकडे अपराधी चेहऱ्याने पाहिलं, पण टाळ्या मान लववून स्वीकारल्याच. मी तिसरं कडवं म्हटलं, ते दुःखापेक्षा जास्त संतापाने.

सव्वासातला दारात पाइपवाले दिसले. त्यांना मी साध्या कपड्यांत यायला सांगितलं होतं. ते वरातीच्या गणवेशात आले होते, चौकड्यांचा स्कर्ट, लाल फेटा, त्याला तुरा. सगळ्यांनी माना वळवल्या. अध्यक्षांचा चेहरा उजळला. मी त्यांना हाताने खूण केली, ते मागे फिरून जिन्याच्या चौकात गेले.

मी लोकांना सांगितलं की हे शेवटचं गाणं. ते मी कुठे ऐकलं ते सांगितलं, आणि आपल्याकडच्या एका पलटणीत ते कसं नंबराने ओळखलं जात होतं आणि कधी वाजत होतं, तेही सांगितलं. मूळ शब्द गायले नाहीत, म्हटले. मग म्हटलं, याचा मराठी अर्थ मी केलेला नाही. ज्यांनी अडतीस वर्षं हे वाजवलं त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने केला आहे. आणि वाचला.

'वळकीन'ला कुजबुज झाली. 'उबी हाय'ला पहिल्या दोन रांगा हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. नाटकात खेडवळ पात्र आलं की हसतात तसं, सवयीचं. दरवाजा उघडाच होता आणि जिना दहा पावलांवर.

मला काय झालं ते मला ठाऊक नाही. वर्गात बोलायचे त्या आवाजात मी म्हटलं, "हसू नका. मूळ गाण्यातही 'हाय'च आहे. तिथेही 'आहे' नाही. आणि हे मला गेल्या महिन्यापर्यंत कळलेलं नव्हतं, तेव्हा तुम्हाला सांगतेय."

पुणेकरांना पुणेकराने रागावलेलं आवडत नाही. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. तेव्हा बाहेरून पिशवीत हवा भरल्याचा घरघराट आला, आणि खांद्यावरच्या नळ्यांचा सलग खालचा सूर सुरू झाला.

जिन्याच्या दगडी चौकात तो आवाज माझ्या अंदाजापेक्षा दुप्पट मोठा होता. पण ते संथ वाजवत होते. एकेका सुराला इतका वेळ देत होते की पुढचा सूर येईल की नाही असं वाटावं. खिडकीची काच थरथरत होती. पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांची मान हलायची थांबली होती. दुसऱ्यांदा चाल सुरू झाली तेव्हा खालच्या गल्लीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "अहो, वरात कुणाची?" आणि त्यावर हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. मी पेटीवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पेटीवरून काढून मांडीवर ठेवले होते.

मग आभारप्रदर्शन झालं. अध्यक्ष म्हणाले की फलकावर लिहिल्याप्रमाणे सोडा आणला नाही तरी सर्वांना नशा चढली. अभिप्रायाच्या वहीत नऊ अभिप्राय होते. 'पेटीची साथ अप्रतिम' असं चौघांनी लिहिलं. 'डावीकडचा पंखा आवाज करतो' असं तिघांनी. एकाने लिहिलं की वक्त्याने श्रोत्यांना शिकवू नये. पाइपबद्दल एकच ओळ होती, कुणाची ते नाव नव्हतं: 'माझा भाऊ सैन्यात होता.' बाकी काही नाही. ती वही मी पाइपवाल्यांना दाखवली. त्यांनी वाचली, बंद केली, आणि म्हणाले, स्वारगेटची शेवटची गाडी किती वाजता, म्याडम.

त्यानंतर आठवडाभराने त्यांचाच फोन आला. बाकीच्या नंबरांना पण बोल आहेत का ते त्यांना हवं होतं. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी आम्ही टेकडीवर जातो, कारण सोसायटीत वाजवायला आता लेखी मनाई झाली आहे. ते एकेक नंबर वाजवतात आणि मी ओळखायचा प्रयत्न करते. फिरायला येणारे लोक थांबून सल्ले देतात. एक गृहस्थ दर वेळी विचारतात की याची परवानगी काढली आहे का. सात नंबर मला लगेच ओळखू आला, अकराही. पण बाकीचे येत नाहीत. "तुमाला बी बरंच म्हाईत न्हाई की," असं ते एकदा म्हणाले, आणि ते खरं आहे.

नऊ नंबरने मला सगळ्यात जास्त छळलं. सुंदर चाल आहे, मध्ये एक वळण आहे ते काळजात जातं. तीन आठवडे मी जुन्या गाण्यांच्या वह्या काढल्या, इंटरनेटवर तासन्‌तास ऐकत बसले, एडिंबऱ्याच्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला ध्वनिमुद्रण पाठवलं. तिलाही येईना. तिने तिच्या ओळखीच्या दोघा गायकांना विचारलं. गेल्या गुरुवारी मी हरले आणि त्यांना तसं सांगितलं. म्हटलं, हे स्कॉटलंडात कुणालाच माहीत नाही.

"नसंलच," ते पाइप पिशवीत घालत म्हणाले. "त्यो आमच्या बँडमास्तरनं बशिवलेला हाय. साताऱ्याकडचे व्हते ते."

"हे तीन आठवड्यांपूर्वी सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं न्हाई," ते म्हणाले, आणि टेकडी उतरायला लागले.